अल्बिमार्जिनाटाचा नर तिसऱ्यांदा अंडी गिळून बसला, काय चुकतंय?

विश्रामबागचा_टँकवाला

नमस्कार मंडळी, मी सांगलीतून. ८ महिन्यांपूर्वी वाइल्ड बेट्टा अल्बिमार्जिनाटाची (आपल्या फायटर माशाचा जंगली भाऊबंद, यात नरच अंडी तोंडात उबवतो) ६ पिल्लं आणली, त्यातली एक जोडी आपली आपण जमली. नर अंडी तोंडात घेतो, गळा फुगतो, खाणं सोडतो, तिथपर्यंत सगळं बरोबर. आणि चौथ्या दिवशी सकाळी बघावं तर गळा सपाट, गडी काचेशी येऊन खायला मागतोय. पहिल्यांदा वाटलं नवखा आहे, शिकेल. परवा तिसऱ्यांदा झालं, रात्री जेवण गेलं नाही.

टँक २ फुटी, स्पंज फिल्टर, जावा मॉस. पाणी बोअर आणि आरओ निम्मं निम्मं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३२०, पीएच साडेसात. दुपारी पाणी ३० डिग्रीला जातं. बाकीचे ४ पण त्यातच आहेत. मी रोज रात्री टॉर्चने गळा चेक करतो आणि फोटो काढून ठेवतो. अंडी काढून बाहेर उबवता येतील का?

अजिंक्यतारा_७७

दादा पहिली ती टॉर्च बंद करा. हा मासा बोर्निओच्या पूर्वेकडच्या जंगलातल्या उथळ ओढ्यातला, पाचोळ्यात दबून राहणारा, वरून उजेड पडला की त्याला वाटतं कोणीतरी खायला आलं. घाबरला की अंडी गिळतो. आणि बाकीचे ४ आजच दुसरीकडे हलवा, ते सारखे अंगावर येत असणार त्याच्या.

अंडी बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. नर ती तोंडात सारखी फिरवत असतो, पाणी खेळतं राहतं, ते आपल्याला हाताने जमत नाही, बुरशी धरते. तरुण नर पहिल्या दोन-चार वेळा गिळतातच, माझ्याकडं सातारला चॅनॉइड्स या बेट्टाच्याच दुसऱ्या जातीची जोडी आहे, त्यानं ५ वेळा गिळली आणि सहाव्याला १४ पिल्लं सोडली. (चॅनॉइड्स म्हणजे मरळीसारखा, डोकं बघा, खरंच आपल्या मरळीचं डोकं आहे. दोन्ही जातींची शास्त्रीय नोंद १९९४ सालीच झाली, म्हणजे हे मासे जगाला कळून फार वर्षं नाही झाली, म्हणून एकेक पिल्लू जपायचं.)

अजून एक, नर उपाशी असताना समोर खाणं टाकताय का? मादीला घालताना त्याच्या तोंडापुढून ब्लडवर्म (खायची लाल अळी) गेला की त्याचा तोल सुटतो. मादीला अगदी थोडं, तेही लांबच्या कोपऱ्यात घाला. आणि नराला आधी १५ दिवस डासांच्या अळ्या खाऊ घालून चांगला भरून घ्या, १० ते २० दिवस उपास काढायचाय त्याला.

मिरज_बेट्टा

वरचं सगळं बरोबर पण पाण्याचं कोणी बोललं नाही. आपल्याकडं बोअरला मीठ किती, किटलीत थर बसतो तेच पाणी तुम्ही या माशाला देताय. बोअर पूर्ण बंद करा. मी पावसाचं पाणी धरतो, पहिले दोन-तीन पाऊस पत्र्यावरची घाण धुवून जाऊ देतो आणि मग ड्रम लावतो. तोवर आरओ चालेल, पण एकदम बदलू नका, आठवड्याला थोडं थोडं. त्यात देशी बदामाची वाळकी पानं टाका, झाडावरून आपोआप गळलेली, फवारणी नसलेली. पाणी चहासारखं होईल, होऊ दे, उलट त्याला आडोसा वाटतो.

३० डिग्री जास्त आहे, २४-२५ ला आणा. मी कॉम्प्युटरच्या जुन्या छोट्या फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडतो, २-३ डिग्री उतरतं, माठात पाणी गार होतं तसंच. फक्त वरून झाकणाऐवजी मच्छरदाणी ताणून बांधा, हे उडी मारतात. आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आरओच घाला, क्षार मागं राहतात म्हणून.

विश्रामबागचा_टँकवाला

टॉर्चचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं राव. आजपासून बंद. चौघांना टबात काढलं, काचेच्या तीन बाजूंना काळा कागद लावला.

विश्रामबागचा_टँकवाला (दोन महिन्यांनी)

काका, दादा, झालं! टीडीएस आता ६० आहे, पाणी २५-२६. यावेळी जोडी लागताना लांबून खुर्चीवर बसून बघितलं, मादी अंडी तोंडात उचलून नराच्या पुढ्यात थुंकायची आणि तो झेलायचा, तीन-चार तास चाललं. त्यानंतर मी कागद उचलून बघितलाच नाही, घरच्यांना पण सांगून ठेवलं त्या खोलीत दार आपटायचं नाही. आज सतरावा दिवस. सकाळी बदामाच्या पानाखाली तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हललं, वाटलं कचरा आहे, मग त्याला डोळे दिसले. ९ मोजलीत. नर वाळलाय पण शेपटीची पांढरी किनार अजून तशीच.

आर्टेमिया (पिल्लांना घालायचे बारीक जिवंत जीव, अंड्यांतून काढतात) काल रात्रीच मिठाच्या पाण्यात लावून ठेवला होता, आज दुपारी घातला, पोटं केशरी झाली सगळ्यांची. आता नराला लगेच वेगळा काढू का पिल्लांसोबत ठेवू?

अजिंक्यतारा_७७

अभिनंदन भावा! नराला तिथंच राहू दे, पोटभर खायला घाल. भरलेल्या पोटी शक्यतो पिल्लांच्या वाटेला जात नाही तो. मादीला मात्र महिनाभर लांब ठेव, नाहीतर परत लगेच जोडी लागेल आणि तो खंगेल.