सीए १२५ वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की बहिणीने म्हापशात चेकअपचं पॅकेज घेतलं आणि सीए १२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो मार्कर, म्हणजे खुणेचा पदार्थ) ६८ आला, मर्यादा ३५, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. आधी एक विचारा, रक्त पाळी चालू असताना दिलेलं का? कारण पाळीतही हा आकडा चढतो, आणि फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), ओटीपोटातलं इन्फेक्शन, गरोदरपणाचे पहिले महिने यातही. ती ३४ची आहे आणि पाळीत पोट धरून बसते म्हणताय, मग मला तरी एंडोमेट्रिओसिसचाच (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) संशय जास्त येतो.

आपल्याकडे अजून एक असतं, पोटाचा टीबी. त्यात पोटात पाणी होतं, सीए १२५ पाचशेच्या वरही जातो आणि सोनोग्राफीत सगळं अंडाशयाच्या कॅन्सरसारखंच दिसतं, मग बायोप्सी केल्यावर टीबी निघतो आणि गोळ्यांनी बरा होतो. आमच्या फोंड्याच्या मावशीचं अगदी हेच झालं.

कॅन्सरसाठी बघतात ते बाकी मार्करही तसेच, पित्तनळीत खडा अडकून कावीळ झाली तरी सीए १९-९ (स्वादुपिंडासाठी बघतात तो) वाढतो, बिडी-सिगारेटवाल्यांचा सीईए (मोठ्या आतड्यासाठीचा) थोडा वर असतो, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेटसाठीचा). पॅकेजवाले हे सांगत नाहीत, नुसता लाल आकडा छापून मोकळे!

पण रिपोर्ट फाईलमध्ये टाकून गप्प पण बसू नका हां. गायनॅकला दाखवून आतून सोनोग्राफी करून घ्या, आणि परत टेस्ट सांगितली तर पाळी संपल्यावर त्याच लॅबमध्ये करा, किट बदललं की आकडा बदलतो.