मदत हवी आहे: घर तळमजल्यावर, बाबा पलंगावर. पुराआधी काय काय करून ठेवू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याला, विठ्ठलवाडीच्या बाजूला, नदीपासून जवळच आमची जुनी तीन मजली सोसायटी आहे. लिफ्ट नाही आणि आमचं घर तळमजल्यावर. गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिस झाला, उजवी बाजू पूर्ण गेली. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. बायकोची नाईट शिफ्ट, म्हणजे रात्री घरात धडधाकट माणूस मी एकटाच.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे जवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होता. आमच्याकडे पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं आणि उंबऱ्याशी थांबलं. बाबा तेव्हा स्वतःच्या पायांनी वर गेले होते. आता ते होणार नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर विषय काढला तर बहुतेकांचं म्हणणं, हे पालिकेचं काम आहे, नदीपात्रातला राडारोडा आधी काढा म्हणावं. राडारोड्याचा मुद्दा खराच आहे, त्यासाठी भांडायलाच हवं. बोटी, पंप, निवाऱ्याची सोय हेही यंत्रणेनेच करायचं. पण बाबांची रक्त पातळ करायची गोळी कुठल्या डब्यात आहे, त्यांना कुठल्या बाजूने धरलं तर खांदा दुखत नाही, हे अग्निशमन दलाच्या जवानाला कसं कळणार? तेवढं घरच्यांनीच करून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आतापर्यंत एवढं झालंय. इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर होती, वेल्डरकडून उंच स्टँड करून घेतला. खालच्या प्लगांची लाईन वायरमनकडून वेगळ्या एमसीबीवर (मेन बोर्डातल्या स्विचवर) घेतली, पाणी दिसायच्या आतच ती बंद करता येईल. पुण्यातच डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत २०२४ च्या त्याच पहाटे विजेच्या धक्क्याने तिघं गेले, ते डोक्यातून जात नाही. मूळ कागद माळ्यावर झिपच्या पिशवीत, आधार वगैरे डिजिलॉकरमध्ये. घराला भारत गृह रक्षा पॉलिसी घेतली. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे १ एप्रिल २०२१ पासून ती मिळते आणि पूर त्यात धरलेला आहे. सामानाचे फोटो बिलांसकट काढून ठेवलेत.

आता अडलंय ते असं. बाबांना वर हलवायचं नेमकं कधी? विसर्गाच्या कुठल्या आकड्याला? फार लवकर हलवलं तर त्यांचे हाल होतात, दुसऱ्याच्या घरी डायपर बदलायचा त्यांना फार संकोच वाटतो. दुसरं म्हणजे, दोन माणसांत जिन्यावरून न्यायचं कसं? आणि लाईट गेली की त्यांच्या एअर बेडचं (पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणूनची पंपावर चालणारी हवेची गादी) काय? ज्यांनी हे घरी निभावलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद – धरणकाठ

एकच आकडा धरून बसू नका. खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण. वर पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सत्तावीसच्या आसपास. ही तिन्ही भरली की वरून येणारं पाणी खडकवासल्यात थांबत नाही, खाली सोडावंच लागतं. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि ओढ्यांचं पाणी त्या आकड्यात नसतंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला जो पूर आला, तो शहरातल्या पावसाने.

मी असतो तर असं ठरवलं असतं: धरणं भरत आलीत, घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट आहे आणि विसर्ग वाढवतायत, तर बाबा संध्याकाळच्या चहाआधी वर. रात्रीचा प्रश्न उजेडातच सोडवायचा. पाणी आलं नाही तर सकाळी खाली आणा, काही बिघडत नाही.

गाडीचंही बघा. बुडालेली गाडी अजिबात स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी गेल्यावर स्टार्टर मारला तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

प्रतिसाद – रात्रपाळी

मी नर्स आहे, म्हणून उचलण्याबद्दल लिहिते. हातांची भक्कम खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची नको, पाय वाकतात. बाबांना छातीला आणि मांड्यांना जुन्या साडीने खुर्चीला बांधा. लकवा झालेला हात मांडीवर घेऊन तोही साडीच्या आत घ्या, लोंबकळता ठेवला तर खांदा निखळू शकतो. वर चढताना खुर्चीची पाठ वरच्या पायऱ्यांकडे, बाबांचं तोंड खालच्या पायऱ्यांकडे. एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय, आणि बोलणार एकच जण. आधी खुर्चीवर तांदळाची पोती बांधून सराव करा.

एअर बेडचा पंप वीज फार कमी खातो, वरच्या घरी इन्व्हर्टर असेल तर तिथे लावा. नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड आणि टाचा बघत राहा, लाली दाबून गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

दोघांचे खूप आभार. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी बोललो. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि त्या आतली खोली देतायत, बाबांना पडदा ओढून घेता येईल. समोरच्या विंगमधला एक कॉलेजचा मुलगा खुर्चीच्या सरावाला येतो म्हणाला.

आता पाण्याच्या टाकीचं विचारतो. आमची जमिनीखालची टाकी पार्किंगच्या पातळीलाच आहे. अलर्ट आला की गच्चीवरची टाकी भरून पंप बंद करायचा आणि पूर ओसरल्यावर खालची उपसून धुतल्याशिवाय पंप लावायचा नाही, असं ठरवतोय, नाहीतर वरचं चांगलं पाणीही नासेल. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली होती, दूषित पाण्याशी तिचा संबंध जोडला गेला, त्यामुळे पाण्याची धास्ती आहेच. टाकीचं झाकण उंच करून कोणी बांधून घेतलंय का? किती उंच केलंत, आणि गवंड्याने केलं की फॅब्रिकेटरने?