गुलाब घेऊन येणारा नवरा आणि अंगणात नाचणारा नवरा

रातपाळी

काल एकाने लिहिलं, "'शॅल वी डान्स'चा जपानी मूळ सिनेमा आता कौतुकापुरता ठेवा. रिचर्ड गिअरचा रीमेक तीच गोष्ट अर्ध्या तासाने कमी वेळात सांगतो, आणि त्यातली माणसं निदान प्रेम बोलून तरी दाखवतात." खाली पाठिंब्याची रांग लागली. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

तीच गोष्ट? सांगाडा तोच आहे, मान्य. घर-ऑफिस-घर करणारा माणूस, संध्याकाळच्या गाडीतून नृत्यशाळेच्या खिडकीत उभी असलेली उदास बाई त्याला दिसते. एक दिवस तो मधल्याच स्टेशनवर उतरतो, जिना चढतो, क्लास लावतो आणि घरी बोलत नाही. बायकोला संशय येतो, मग गुप्तहेर, मग स्पर्धा. पण तो घरी का सांगत नाही? सगळा सिनेमा या एका प्रश्नावर उभा आहे, आणि १९९६ साली मूळ सिनेमाचा दिग्दर्शक मासायुकी सुओने त्याचं उत्तर सुरुवातीच्या निवेदनातच देऊन टाकलंय. जिथे नवरा-बायकोही चारचौघांत हातात हात घालून चालत नाहीत, तिथे परक्या बाईला जवळ घेऊन नाचणाऱ्याकडे लोक कसं बघत असतील! हे नुसतं वातावरण नाही. जपानमध्ये १९४८च्या कायद्याने डान्स हॉल आणि नृत्यशाळा जुगाराच्या अड्ड्यांच्या आणि रात्रीच्या बारच्या पंक्तीला बसवल्या होत्या. नाचावरचे ते निर्बंध २०१५ साली कायदा बदलून सैल झाले आणि बदल लागू झाला २०१६ मध्ये. म्हणजे मूळ सिनेमाचा नायक सुगियामा तो जिना चढतो तेव्हा अब्रू पणाला लावून चढतो.

आता तीच गोष्ट २००४च्या शिकागोत नेली. मृत्युपत्रं करून देणारा वकील ऑफिसनंतर वॉल्ट्झ शिकतो, यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. मग लपवण्यामागची लाज गळून पडते आणि उरतं फक्त लपवणं. खिडकीत जेनिफर लोपेझ उभी, म्हटल्यावर प्रेक्षक एकाच दिशेने विचार करतो. अंधाऱ्या हॉलमधला गिअर-लोपेझचा तो टँगो आठवा. मूळ सिनेमात त्या तापमानाचा एकही प्रसंग नाही, कारण तिथे प्रश्न तो नव्हताच.

दुपारचं ऊन

संपूर्ण असहमत. रीमेक नीट बघितलाय का तुम्ही? की एकदा टीव्हीवर, जाहिरातींच्या मधे मधे?

लाज गळून पडलेली नाही. गिअर बायकोला सांगतो की आपल्याकडे एवढं सगळं असताना मला आणखी सुखी व्हावंसं वाटलं, याची मला लाज वाटत होती. शेजारी काय म्हणतील याच्या लाजेपेक्षा ही लाज खोल आहे. भरल्या घरात बसून काहीतरी कमी आहे असं वाटणं, आणि ज्या माणसामुळे घर भरलंय त्यालाच ते सांगता न येणं. त्यासाठी कुठल्या कायद्याची गरज लागत नाही.

आणि बायको! सुझन सरँडनला माणूस म्हणून उभं केलंय. तिला नोकरी आहे, थकवा आहे, मतं आहेत. गुप्तहेराशी बोलताना ती लग्न म्हणजे काय ते सांगते. या अफाट गर्दीत आपल्या आयुष्याला कुणीतरी साक्षीदार हवा असतो, असा तिचा मुद्दा. मी तो प्रसंग किती वेळा पाहिलाय याला गणती नाही. तुमच्या मूळ सिनेमातल्या मासाकोचं असं एक वाक्य आठवतंय का तुम्हाला? ती शर्टाचा वास घेते, काळजी करते, गुप्तहेराला पैसे देते.

तिसरी घंटा

दोघेही कथेवर भांडताय. हा नाचाचा सिनेमा आहे हो!

सुओने माईच्या, म्हणजे खिडकीतल्या त्या बाईच्या भूमिकेत तामियो कुसाकारीला घेतलं. ती पेशाने बॅले नर्तिका, आणि हा तिचा पहिला सिनेमा. तिची मान, खांदे, नुसतं उभं राहणं बघा. खिडकीत ती काहीही करत नाही, तरी त्या पाठीच्या कण्याकडे बघून कळतं की हिने आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. लोपेझही नाचणारीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार संकलनाची आहे. पाऊल पडतं आणि कट. गिरकी अर्ध्यात आणि कट. नाचताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, एवढी साधी गोष्ट. रंगमंचावर आम्ही प्रकाशयोजनेत पाय अंधारात गेले तर ओरडा खातो, आणि इथे कोट्यवधी डॉलर खर्चून पायच कापून टाकतात!

हे फक्त या सिनेमाचं नाही. हल्ली सगळीकडे तेच. नाचता न येणाऱ्यांना नाचवायची सोय झाली की नाचता येणाऱ्यांचंही वाटोळं होतं. यावर मी स्वतंत्र लिहिणार आहे.

क्विकस्टेप

मी अकरा वर्षं बॉलरूम करतेय, म्हणून लिहिते. तिसरी घंटा यांच्याशी सहमत, पण अर्धंच.

मूळ सिनेमा शिकण्याचा सिनेमा आहे. सुगियामा ऑफिसच्या टेबलाखाली पाय हलवत बसतो, फलाटावर स्टेप्स करतो. हे शंभर टक्के खरं आहे. पहिली दोन वर्षं माझंही असंच चाललं होतं, लिफ्टमध्ये, रांगेत, कुठेही. वॉल्ट्झ मिनिटाला तीसेक बारच्या लयीत चालतो, त्यात चूक झाकायला वेळ मिळतो. क्विकस्टेप पन्नासच्या आसपास पळतो, तिथे लक्ष एका मात्रेपुरतं हललं तरी संपलं. म्हणून सुगियामाचा स्पर्धेतला तो अपघात वॉल्ट्झमध्ये होत नाही, क्विकस्टेपमध्ये होतो. प्रेक्षकांतून मुलीचा आवाज येतो, त्याचं डोकं वळतं, फ्रेम, म्हणजे जोडीने धरलेली हातांची-खांद्यांची ठेवण, मोडते आणि जोडीदारणीचा झगा पायाखाली येऊन फाटतो. एका स्पर्धेत माझ्या झग्याचा काठ असाच पायाखाली गेला होता. सगळ्यांसमोर. त्यानंतर सहा महिने मी बूट कपाटातून काढले नाहीत. त्यामुळे सुगियामा क्लास सोडून देतो तेव्हा मला कारण विचारावं लागत नाही.

माईचीही गोष्ट तीच. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या नामांकित बॉलरूम स्पर्धेत, उपांत्य फेरीत ती पडली. जोडीदाराने सावरलं नाही हा राग घेऊन परत आली, आणि मग तिला उमगतं की आपण त्याच्यावर विश्वास टाकून कधी नाचलोच नव्हतो. लीड आणि फॉलो, म्हणजे एकाने वाट दाखवायची आणि दुसऱ्याने विश्वासाने मागे जायचं, म्हणजे काय, हे इतकं नेमकं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. रीमेकमध्ये हा धागा पातळ झाला, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मात्र रीमेकमध्ये गिअरचा गुपचूप नाचणारा सहकारी झालेल्या स्टॅनली टुचीला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.

रातपाळी

टुची उत्तम. त्यावर वाद नाही. (तरी मूळ सिनेमात तीच भूमिका करणारा, विग घातलेला नाओतो ताकेनाका रुम्बा करताना ज्याने पाहिलाय, त्याला दुसरं काही पुरे पडत नाही.)

@दुपारचं ऊन, रीमेक दोनदा पाहिलाय, थिएटरमध्ये. साक्षीदारवालं भाषण सुंदर आहे, पण ते भाषण आहे. मासाकोला भाषणाची गरज नाही. स्पर्धेनंतर घरच्या अंगणात मुलगी चिकागे बापाला म्हणते, आईला नाच दाखवा. तो बायकोचा हात धरतो, पावलं सांगतो, आणि ती रडते. एका ओळीचाही खुलासा नाही. त्याच्यासमोर टक्सिडो घालून, हातात गुलाब घेऊन सरकत्या जिन्यावरून वर येणारा गिअर ठेवा. तो बायकोच्या कामाच्या जागी, सगळ्यांच्या देखत येतो. छान दिसतो. पण सगळं आयुष्य लोकांच्या नजरेला भिऊन काढलेल्या माणसाचं ते प्रायश्चित्त असतं, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. या माणसाला लोकांची भीती कधी नव्हतीच!

हिशेबवही

मी सुगियामासारखाच लेखाविभागातला माणूस, त्याच्यासारखाच घराच्या हप्त्यांना बांधलेला. सेहेचाळिसाव्या वर्षी गुपचूप पोहायला शिकलो. घरी सांगायचो, वर्षअखेर आहे, उशीर होईल. लपवलं कारण पाण्याची भीती वाटते हे वीस वर्षांत बायकोला सांगितलं नव्हतं, आणि पोट सुटलेला माणूस लहान मुलांच्या तुकडीत फळी धरून पाय मारतो हे कुणाला सांगणार? ओला टॉवेल ऑफिसच्या खणात वाळत घालायचो.

क्लोरीनचा वास जात नाही. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती चार महिने काही बोलली नाही. एके दिवशी सकाळी डब्याशेजारी नवा, कोरडा टॉवेल घडी करून ठेवलेला दिसला. बस.

म्हणून मासाको गप्प आहे म्हणजे तिला काही म्हणायचं नाही, हे मला पटत नाही. आणि ज्यांना सुगियामाचं वागणं फसवणूक वाटतं त्यांनी आधी कधीतरी उतारवयात काहीतरी नवं शिकून बघावं.

दुपारचं ऊन

हिशेबवही, टॉवेलची गोष्ट वाचून डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पण ते चार महिने तुमच्या बायकोने कसे काढले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंत का कधी? पहिल्या आठवड्यात वास कळला, ठीक. पण वास तलावाचा आहे हे कळणं आणि तिथे कोण कोण आहे हे माहीत असणं, यात फरक आहे.

माझे बाबा दर गुरुवारी उशिरा यायचे. आई ताट झाकून बसायची, विचारायची नाही. आम्ही पोरंही विचारायचो नाही, घरात त्या विषयाला एक कुंपणच होतं. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या एका गृहस्थांकडून कळलं की ते बुद्धिबळ खेळायला जायचे. तीस वर्षं! वाईट काही नव्हतं, पैसे उडवत नव्हते, कुणी बाई नव्हती. आईने सगळं ऐकून घेतलं. ते गृहस्थ गेल्यावर म्हणाली, "मला शिकवलं असतं तर मीही खेळले असते."

त्यामुळे लपवणाऱ्याच्या लाजेची महती मला सांगू नका. झाकलेल्या ताटासमोर बसलेल्या बाईलाही एक गोष्ट असते, आणि ती गोष्ट बोलून दाखवणारा सिनेमा मला जवळचा वाटतो. मग तो गुळगुळीत असू दे, त्यात गुलाब असू दे.

तिसरी घंटा

ताई, पण सिनेमा नवऱ्यावर आहे. उद्या म्हणाल गुप्तहेराच्या आईची बाजू पण...

दुपारचं ऊन

तुम्ही नाचाच्या संकलनावर स्वतंत्र लिहिणार होतात ना? लिहा. माझ्या आईच्या गोष्टीवर हे असलं काही नको.

तिसरी घंटा

चुकलं. मागे घेतो.

क्विकस्टेप

जरा शांत व्हा. एक प्रश्न, मुख्यतः रातपाळींना. तुम्ही मूळ सिनेमाचं कोणतं रूप पाहिलंय? जपानमध्ये तो १३६ मिनिटांचा होता. मिरामॅक्स या अमेरिकी कंपनीने तिकडे आणताना कापून ११९वर आणला. तिथे तो त्या रूपातही चालला, ९० लाख डॉलरच्या वर कमाई झाली. पण परदेशी प्रेक्षकांनी बराच काळ पाहिला तो हाच. अर्ध्या तासाने कमी म्हणून ज्या रीमेकचं कौतुक झालं तो १०६ मिनिटांचा, म्हणजे तुलना नक्की कशाशी चाललीय ते तरी ठरू दे. आणि रीमेकही मिरामॅक्सचाच.

हिशेबवही

म्हणजे आधी मूळचा कापला, मग नवा बनवला. या हिशेबाला काय म्हणायचं?

रातपाळी

आत्ता उठून माझ्याकडच्या सिनेमाची डबी काढून बघितली. ११९ मिनिटं.

सतरा वर्षं जपून ठेवलीय ही डबी. दोन घरं बदलताना पहिल्या खोक्यात भरली. आणि मी इथे मूळ सिनेमा, मूळ सिनेमा म्हणून लोकांशी भांडतोय. रीमेकवाल्यांनी तुकडे पाडले म्हणून ओरडायचा अधिकार मला निदान आज रात्री नाही. माझं मत मागे घेत नाही. ११९ मिनिटांतही अंगणातला तो प्रसंग माझ्या छातीत रुतून बसलाय. पण मासाको गप्प असते हे तिचं मौन की कुणाची कात्री, ते मी आता शपथेवर सांगू शकत नाही.

@दुपारचं ऊन, तुमच्या आईंचं वाक्य वाचल्यापासून आणखी एक गोष्ट खटकतेय. अंगणात आईला शिकवा असं चिकागे म्हणते. सुगियामाला ते आपणहून सुचत नाही. इतक्या वेळा पाहून माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

दुपारचं ऊन

तेच तर म्हणतेय मघापासून. गिअर निदान स्वतःच्या पायांनी वर येतो, मागून ढकलायला मुलगी लागत नाही.

अंगणातला प्रसंग चांगला आहे. हे मी एकदाच म्हणणार, पुन्हा म्हणायला लावू नका. आता १३६ मिनिटांचा मिळवा, बघा, आणि मासाकोच्या वाट्याला किती मिनिटं आलीत ती मोजून इथे लिहा. मग बोलू.

रातपाळी

मोजतो.

क्विकस्टेप

मिळाला तर मलाही कळवा. माझ्याकडेही ११९चाच आहे.