मदत हवी आहे: टमी टकची (पोटाची सैल कातडी काढण्याच्या ऑपरेशनची) जखम मधोमध उसवली आहे

पेशंट ४२ वर्षांच्या, शुगर नाही, पण मिश्री लावतात. ऑपरेशनचा १४वा दिवस. ओटीपोटावरच्या टाक्यांच्या रेषेत, अगदी मध्यावर ४ × २ सेंमी जखम उघडली आहे. तळाला पिवळा चिकट थर. ताप नाही, पू नाही. ताण तिथेच सर्वांत जास्त, रक्त सर्वांत कमी पोहोचतं, त्यात मिश्रीतलं निकोटीन. काळी पडलेली कातडी काढली, रोज सलाइनने धुऊन अल्जिनेट (स्राव शोषणारं ड्रेसिंग) भरतोय. पोटाचा पट्टा सैल केला. घट्ट पट्टा त्याच कातडीचं रक्त अडवतो. बाजूला दाबलं की कातडीखाली साठलेलं पाणी हलतं. काल सुईने ६० मिली निघालं.

ही पाण्याची पोकळी जखमेला जोडलेली निघाली, तर व्हॅक ड्रेसिंग (मशीनने स्राव ओढून घेणारं) उणे १२५ mmHg दाबावर लगेच लावावं, की आधी पिवळा थर पूर्ण काढावा? मिश्री बंद करून किती आठवड्यांनी पुन्हा टाके घालता?