लग्नाच्या अन पोर्ट्रेटच्या कामात खरंच पैसे फिटले अशी वस्तू कुठली? (अनुभव धागा)

तुळशीचं लग्न झालं की आपली धावपळ सुरू होते आणि त्याच्या आधी दिवाळीत दरवर्षी दोन-तीन पोरं तरी दुकानात येतात, दादा कुठला कॅमेरा घेऊ म्हणून. मला वाटतं तो प्रश्नच आधी बदलायला पाहिजे. मी चौदा वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत बसून लग्नाचे फोटो काढतोय, बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, चार वेळा बदलली, पण फोटोत फरक पडला तो लेन्स आणि लाईट घेतल्यावर. म्हणून हा धागा काढलाय. काय घेतल्याचं सार्थक झालं, काय कपाटात पडून राहिलं आणि का, एवढं मोकळेपणानं लिहा. कंपनीवरून भांडण नको, कॅनन निकॉन सोनी तिन्हींवर चांगली लग्नं झालीयत.

माझ्यापासून सुरू करतो. माझी वस्तू म्हणजे ८५ एमएम एफ १.८, लांबून चेहरा जवळ आणणारी लेन्स. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. आधी सगळं लग्न एफ ४ च्या झूमवर काढायचो, आणि अंतरपाट धरल्यावर स्टेजवर मामा, करवल्या, भटजी, व्हिडिओवाला अशी गर्दी झाली की नवरीचा चेहराच मिळायचा नाही. ८५ आल्यावर मी खाली पहिल्या रांगेच्या कडेला उभा राहायला लागलो. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की नवरीच्या डोळ्यांत काय होतं ते तिथनं दिसतं, आणि तिला कोण बघतंय हे कळतही नाही. हिशेब साधा आहे, एफ ४ पेक्षा एफ १.८ ला जवळजवळ पाचपट उजेड आत येतो, म्हणजे जिथं आयएसओ (कमी उजेडात वाढवावा लागतो तो आकडा) ६४०० लागायचा तिथं १२५० वर काम होतं.

आणि मेगापिक्सेलचं. आपला लग्नाचा करिझ्मा अल्बम उघडल्यावर १२ बाय ३६ इंचाचा, त्यातलं एक पान १२ बाय १८. तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, गुणून बघा, ३६०० गुणिले ५४००, साडेएकोणीस मेगापिक्सेल होतात. वीस-चोवीसची बॉडी असली की पानभर फोटोला काही कमी पडत नाही. तरी ४५ च्या मागं लागून कर्ज काढणारी पोरं बघितली की जीव तुटतो.

*

गडहिंग्लजहून लिहितोय. आमच्याकडं हॉलपेक्षा घरातलं काम जास्त, देवक बसवणं, हळद, चुडा भरणं सगळं घरात. मी पहिली लेन्स ५० एफ १.८ घेतली, सगळे तेच सांगत होते म्हणून. लेन्स चांगलीच आहे पण माझी बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, तिच्यावर ५० ची ८० एमएमसारखी होते, आणि देवघराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये दोनच माणसं. आजी कापली जायची. आजी कापली गेली की अल्बम देताना काय होतं ते तुम्हाला माहितीय. मग १७-५० एफ २.८ झूम सेकंडहँड घेतली आणि सहा वर्षं झाली, घरातलं सगळं काम तिच्यावर चाललंय. ५० आता फक्त नवरीच्या सिंगल फोटोंना. नवीन पोरांना एवढंच म्हणणं, दुसऱ्याचं ऐकून लेन्स घेऊ नका, आधी आपण जिथं उभं राहतो ती खोली किती फुटाची आहे ते बघा.

*

माझं लग्नाचं काम कमी, पोर्ट्रेट जास्त, डोहाळजेवण, बारसं, घरच्या सगळ्यांचे एकत्र फोटो. लक्ष्मीपुरीत छोटा स्टुडिओ आहे. माझं मत सरळ आहे, पोर्ट्रेट करणाऱ्यानं पहिला पैसा लाईटवर घालावा. मी २०० वॉटसेकंद ताकदीचा एक गोडॉक्स कंपनीचा फ्लॅश, तो लांबून उडवणारा ट्रिगर, उजेड मऊ करणारा चार फुटी आठकोनी (ऑक्टा) सॉफ्टबॉक्स आणि एक जड स्टँड एवढं घेतलं आणि तीन वर्षं जुन्याच बॉडीवर काढली. कुणालाही फरक कळला नाही, उलट फोटो आधीपेक्षा चांगले यायला लागले म्हणून लोक सांगायला आले. लाईट मोठा आणि जवळ असला की मऊ पडतो. तोच सॉफ्टबॉक्स कोपऱ्यात नेऊन ठेवला की साध्या बल्बसारखा कडक होतो, आणि अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई राहतो, मग फ्लॅश फुल पॉवरवर मारावा लागतो आणि बॅटरी संपते.

दुसरं, नथ. पैठणी आणि नथीतला फोटो म्हणजे आपल्याकडं हवाच, आणि तो ३५ एमएमनं दोन फुटावरनं काढला की नाक आणि नथच दिसते. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. सहा-सात फूट मागं जा आणि ८५ लावा, चेहरा जसा आहे तसा येतो. माझ्या एका ताईनं पहिल्यांदा स्वतःचा फोटो आवडला म्हणून सांगितलं तेव्हा मी फक्त मागं सरकले होते.

आणि मांडवाच्या कापडाचा रंग. दुपारी पिवळ्या-गुलाबी कापडातनं ऊन झिरपतं आणि सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. ग्रे कार्ड, म्हणजे राखाडी रंगाचं साधं कार्ड, दोनशे-तीनशे रुपयात मिळतं, त्याच्यावरनं व्हाईट बॅलन्स (रंगाचा तोल) सेट करा, रात्रीचं एडिटिंग निम्मं होतं.

*

कागल. मला सांगायला अजून जड जातं पण सांगतो. २०१६ चं लग्न, एकाच कार्डाची बॉडी, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक माझी होती. अक्षता पडल्या, कन्यादान झालं, सप्तपदी झाली आणि जेवणाच्या पंगतीला कॅमेऱ्यावर कार्ड एरर आली. रिकव्हरी करून निम्म्याच्या वर फोटो मिळाले पण सप्तपदीतलं एकही नाही. नवरीच्या वडलांना मी घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा घे म्हणाले. तो चहा मला अजून आठवतो. दोन वर्षांनी ते वारले, आणि त्यांचा लेकीबरोबरचा त्या दिवसाचा फोटो माझ्याकडं असायला पाहिजे होता.

तेव्हापासून दोन स्लॉट नसलेल्या बॉडीला मी हात लावत नाही. निकॉनची डी ७५० घेतली, २०१४ चं मॉडेल, दोन एसडी कार्डं, दोन्हीवर एकाच वेळी रॉ (मूळ कच्ची फाईल) लिहिते. कार्डं ६४ जीबीची, प्रत्येकावर मार्करनं नंबर, आणि अल्बम घरी पोचल्याशिवाय दुसरं कार्ड फॉरमॅट करत नाही. घरी आल्या आल्या दोन हार्डडिस्कवर कॉपी, त्यातली एक भावाच्या घरी. लोक म्हणतात त्या बॉडीवर डोळा ओळखून धरणारा फोकस नाही, जुनी झाली. असूदे.

*

व्हीनस कॉर्नरजवळ आमचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आत आलं, २०२१ च्या जुलैत परत. पहिल्या वेळी लेन्सा खालच्या ड्रॉवरमध्ये होत्या. पाणी ओसरल्यावर उघडलं तेव्हा आतनं गाळ निघाला. दुसऱ्या वेळी जून लागल्यापासनंच सगळं माळ्यावर होतं, फक्त फर्निचर गेलं. इन्शुरन्स काढा, आणि पॉलिसीत पूर धरलाय का ते शब्द न शब्द वाचा, चोरी आणि आग एवढ्यावर सही करू नका. बिलं आणि सिरियल नंबरचे फोटो मोबाईलवर पाहिजेत, कागदं भिजतात.

पूर नाही आला तरी आपला पावसाळा लेन्सला वाईटच. गगनबावडा-राधानगरी भागातले जे कोण आहेत त्यांना बुरशी काय असते सांगायला नको. आधी जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, मग काचेवरचं कोटिंग खातात. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट घेतलं, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. ज्यांना परवडत नाही त्यांनी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. जेलचा रंग बदलला की तापवून परत टाका. लेदरच्या बॅगेत लेन्स ठेवून पावसाळाभर कपाटात ढकलू नका, चामडं ओल धरतं.

*

जयसिंगपूर. मी मिररलेसवाला (आत आरसा नसलेला कॅमेरा), सोनीची ए ७ थ्री, २०१८ ला आली ती. इथं जुन्या बॉडीची बाजू घेणाऱ्यांचं पटतं तरी मी म्हणेन डोळ्यावर फोकस धरणारा कॅमेरा कँडिडला, म्हणजे नकळत टिपायच्या फोटोंना, वरदान आहे. दहा फोटोंतले नऊ डोळ्यावर शार्प मिळतात. एकच गोष्ट, मुंडावळ्या बांधल्या की फोकस कधी कधी मोत्यांच्या सरावर जातो आणि डोळे मऊ पडतात. छोट्या स्क्रीनवर कळत नाही, झूम करून बघा. मी त्या वेळी एफ १.८ सोडून २.८ वर येतो.

सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) हॉलमध्ये वापरू नका. एलईडी लाईट आणि मागची एलईडी वॉल लुकलुकत असते, फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, साधा लाईट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, म्हणून मेकॅनिकल शटर आणि वेग १/१०० सेकंद ठेवला की बरंचसं सुटतं. आणि रिसेप्शनला लेझर लावले असतील तर कॅमेरा त्यांच्याकडं तोंड करून ठेवू नका, सेन्सर जळतो.

कपाटात पडलेली वस्तू म्हणजे ७०-२०० एफ २.८. दीड किलोचं वजन, वर्षात चार वेळा काढायचो. विकली. आता मोठ्या हॉलचं काम असलं की भाड्यानं आणतो, खांदाही बरा आणि पैसाही मोकळा.

*

मी कसबा बावड्याचा, बावीस वय. दोन वर्षं दुसऱ्यांकडं असिस्टंट म्हणून लाईट धरलाय. वैशाखात पहिली स्वतःची दोन लग्नं घेतलीयत. वडलांनी दीड लाख देतो म्हणालेत, उसाचं बिल आलंय. सगळं वाचलं, आता सांगा नवी बॉडी आणि तिच्याबरोबर मिळणारी किट लेन्स घेऊ का जुनं?

*

भावा, धागा काढणारा मीच बोलतोय, जुनं घे. दोन स्लॉटची वापरलेली फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, पण शटर किती वेळा उडालंय ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. त्या वर्गातल्या बॉड्यांचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत टिकेल असं कंपन्या सांगतात, साठ-सत्तर हजार क्लिकच्या आतली शोध. मूळ बिल माग. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून सेन्सरवर डाग बघ, आणि लेन्समधनं मोबाईलची टॉर्च मारून बुरशी बघ. त्याच्यावर २४-७० ची एक २.८ झूम, दोन फ्लॅश, चार कार्डं. यात दीड लाख संपतील, ८५ ला उरणार नाहीत.

रविवारी सकाळी खरी कॉर्नरला ये, बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ आहे तिथं. मी माझी ८५ घेऊन येतो, माउंट (लेन्स बॉडीला बसायची जागा) जुळत असेल तर तुझी दोन्ही लग्नं होईपर्यंत तुझ्याकडं ठेव. नसेल जुळत तर माझ्या दुसऱ्या बॉडीसकट ने.