बैलाच्या जखमेची किंमत पन्नास रुपयेच राहावी काय?

(ऑनलाइन गटावरील चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

सात रस्ता

काल सोलापूर शहराच्या गटावर एका सदस्याने लिहिले की, बैलाला पराणी (हाकण्याची टोकदार काठी) टोचली म्हणून माणसाला तुरुंगात घालणे हे रिकामटेकड्यांचे खूळ असून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे तेवढा पुरेसा आहे. मला हे विधान सोडून देता येत नाही. त्या कायद्याच्या कलम 11 नुसार पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास 25 ते 100 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. 2022 मध्ये केंद्राने सुधारणेचा मसुदा काढला, त्यात अमानुष क्रौर्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सुचवली होती, परंतु त्याचा कायदा अद्याप झालेला नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या कुत्रीच्या पाठीवर कोणीतरी उकळते तेल ओतले. तिची कातडी सोलून निघालेली असताना मी चौकीवर गेलो, तर हा अदखलपात्र गुन्हा असल्याने न्यायालयाचा आदेश आणा, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. ती कुत्री अकराव्या दिवशी मेली. कायदा पुरेसा आहे असे म्हणणाऱ्यांनी ते अकरा दिवस पाहायला हवे होते.

सांगोला खिलार

कुत्रीचे वाचून वाईट वाटले, आणि तेल ओतणाऱ्याला शिक्षा व्हावी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु आपण सुरुवात बैलाच्या पराणीपासून केलीत, म्हणून उत्तर देणे भाग आहे. आमच्या घरी तीन पिढ्या खिलार जातीची जनावरे आहेत. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी घरातली भांडी विकून कडबा आणला होता. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, खांदेमळणी करताना बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावणारा माणूस आणि तेल ओतणारा माणूस यांना आपण एकाच कलमात बसवत आहात.

शिवाय 2015 पासून राज्यात बैलाची कत्तलही बंद झाली, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कडक कायदाच हवा होता ना, तो मिळाला. माझा म्हातारा बैल बाजारात कोणी घेईना. चार वर्षे मी त्याला दावणीला बसवून खाऊ घातले, परंतु ज्याला ते परवडत नाही तो रात्री दावे कापून जनावर माळावर सोडतो. तिथे ते तहानेने मरते. हे क्रौर्य त्या कायद्याने निर्माण केले, आणि त्याची फिर्याद कोणी नोंदवत नाही.

काळा कोट

दोघांनाही थोडे थांबवतो. चौकीवर आपणास चुकीचे सांगितले गेले. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार कोणताही प्राणी ठार मारणे, त्याला विष देणे किंवा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत भटक्या कुत्र्याची किंमत किती, असा प्रश्न विचारला जाई. ती अट आता गेली. मात्र मारहाण, उपासमार, अतिभार हे सारे कलम 11 मध्येच अडकलेले आहे, आणि 1960 च्या कायद्याखालचा खटला तीन महिन्यांच्या आत दाखल झाला नाही तर तो कायमचा बुडतो. शिक्षा वाढवण्यापूर्वी ही मुदत बदलली पाहिजे, असे माझे मत आहे.

वाढे आणि मोळी

माझे आईवडील याच जिल्ह्यातल्या कारखान्यांना टायरगाडीने ऊस वाहत असत, म्हणून अतिभाराचे मी सांगते. 1965 च्या नियमांप्रमाणे तापमान 37 अंशांवर गेल्यास दुपारी बारा ते तीन जनावर जुंपता येत नाही, दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि टोकदार पराणीला मनाई आहे. मार्चमध्ये सोलापूरचे ऊन कसे असते हे कोणाला सांगायला नको. तरीही गाडी दुपारीच भरावी लागे, कारण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फेडायची असे आणि मजुरी टनावर मिळे. एकदा चढावर आमचा बैल बसला. वडिलांनी त्याला आसुडाने मारले आणि रात्री त्याच्या पायाशी बसून ते रडले. आपल्या नव्या कायद्यात तीन वर्षे कोणाला होणार, वडिलांनाच ना? बैल जप्त झाला असता तर 2017 च्या नियमांप्रमाणे त्याच्या चाऱ्याचा खर्चही आमच्याच माथी बसला असता.

सात रस्ता

ताई, गरिबी हे मारण्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्या बैलाने उचल घेतली नव्हती.

सांगोला खिलार

हे बोलणे निर्दय आहे. ज्याने आयुष्यात जू उचललेले नाही त्याने बसलेल्या बैलावर प्रवचन देऊ नये.

वाढे आणि मोळी

दादा, माझी बाजू मी मांडते. बैलाने उचल घेतली नव्हती, हे खरे आहे, आणि म्हणूनच तो आसूड मला आजही आठवतो. परंतु कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे वजन होते, त्याची पावती निघते. गाडीत भार किती होता हे कारखान्याच्या कागदावर लिहिलेले असताना एकट्या गाडीवानाला आरोपी का करायचे?

काळा कोट

बैलगाडा शर्यतींबाबत राज्याने 2017 मध्ये 1960 च्या कायद्यात दुरुस्ती करून हे दाखवले आहे. अटी मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जबाबदारी आयोजकावरही येते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली.

सात रस्ता

मघाचे वाक्य मी मागे घेतो. ते ताईंना उद्देशून लिहायला नको होते. पन्नास रुपयांचा दंड बदललाच पाहिजे यावरून मी हटणार नाही. मात्र अतिभाराच्या गुन्ह्यात वजनपावती पुरावा मानून भार घेणाऱ्या कारखान्यालाही आरोपी करावे, ही दुरुस्ती मला मान्य करावी लागते.

सांगोला खिलार

तेवढे असेल तर माझा विरोध नाही. माळावर सोडलेल्या म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे, याचे उत्तर मात्र अजून कोणीही दिलेले नाही.