जुन्या जॅझ बेस गिटारचे स्क्रू पकडच घेत नाहीत, मूळ भाग न बदलता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

काकांचा फेंडर जॅझ बेस आता माझ्याकडे आलाय. सिरीयल नंबर नेकच्या (गळ्याच्या) प्लेटवर नाही, हेडस्टॉकवर (गळ्याच्या टोकाला, जिथे खुंट्या असतात) आहे आणि 'एस ७' ने सुरू होतो, म्हणजे १९७७ च्या आसपासचा. नेक चार नाही, तीनच स्क्रूंवर बसवलेली. काका वाद्यवृंदात हाच वाजवायचे, त्यामुळे गणपतीत आणि लग्नसराईत तो टेम्पोतून भरपूर हिंडलाय. पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), वायरिंग सगळं मूळचं आहे आणि आवाज इतका भरीव आहे की दुसरा बेस घ्यायचा विचारही मनात येत नाही.

अडचण एवढीच, की त्यावरची प्रत्येक धातूची वस्तू हलते.

सगळ्यात वाईट अवस्था जी तारेच्या ट्यूनरची (तार ताणायच्या खुंटीची). प्लेटला चार स्क्रू आहेत, त्यातले दोन नुसते गोल फिरतात. तार ताणली की अख्खी प्लेट किंचित कलते, मग सूर उतरतो. त्याच ट्यूनरची पुढच्या बाजूची गोल बुशिंगही भोकात सैल आहे, बोटाने फिरते.

दुसरं, ए तार जोरात वाजवली की ब्रिजमधून (तारा खालच्या टोकाला जिथे अडकतात त्या पत्र्यातून) झणझण येते. अ‍ॅम्पमधून ती ऐकू येत नाही, पण नुसता वाजवताना स्पष्ट येते. सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची) उंची ठरवणारे बारीक स्क्रू आपोआप फिरून खाली येतात. रात्री तार बरोबर लावून ठेवावी, तर तासभर वाजवल्यावर ती पुन्हा फ्रेटला घासते.

शिवाय जॅकचा नट सैल आहे (केबल लावताना आतला जॅकही फिरतो) आणि पट्ट्याचं खालचं बटण बोटाने ओढलं तरी बाहेर येतं. चार किलोंच्या पुढचा बेस त्या बटणावर लटकवायची माझी हिंमत नाही.

एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "सगळीकडे जाड स्क्रू मारू, नाहीतर अ‍ॅराल्डाइट भरू." मला दोन्ही नकोय. जाड स्क्रू प्लेटच्या भोकातून जाणार नाही, म्हणजे प्लेटही कोरावी लागेल. अ‍ॅराल्डाइट भरलं तर पुढे कोणालाच तो ट्यूनर नीट काढता येणार नाही. हा बेस माझ्यानंतरही कोणीतरी वाजवावा, असं मला मनापासून वाटतं. मूळ स्क्रू, मूळ भोकं राखून हे सगळं घट्ट कसं करायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

जाड स्क्रूला नाही म्हणालात ते उत्तम केलंत.

आधी लाकूड आणि धातू वेगळे करा, दोघांचे उपाय वेगळे आहेत. ट्यूनरचे स्क्रू मेपलच्या लाकडात जातात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं आणि आपण दरवेळी आवळत राहिलो की आतल्या आट्यांचा भुगा होतो. स्क्रू काढून भोकात बांबूच्या टूथपिक फेव्हिकॉल लावून घट्ट बसवा, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं टोक धारदार पात्याने सपाट कापा. मग आटे सोडून स्क्रूचा जो मधला दांडा असतो, तेवढ्या जाडीच्या ड्रिलने भोक पाडा. हेडस्टॉक पातळ असतो, म्हणून ड्रिलला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी लावाच. स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

ज्या भोकांत पकड अजून आहे, तिथे स्क्रू परत घालताना आधी हलकेच उलटा फिरवा. 'टक्' असा खाली बसल्याचं बोटाला कळतं. तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच आट्यांतून जातो, नवे कापत नाही.

बुशिंगला फेव्हिक्विक अजिबात लावू नका, ते पातळ असल्याने लॅकरखाली पसरून डाग पडतो. कागदाची पातळ पट्टी बुशिंगभोवती गुंडाळून दाबून बसवा.

सॅडलच्या स्क्रूंना लॉकटाइट २२२ (आटे सैल होऊ न देणारा द्रव), तो जांभळा, बारीक स्क्रूंसाठीच असतो. आटे तेलविरहित पुसून एक थेंब पुरे, पुढे साध्या किल्लीने स्क्रू फिरतो. लाल लॉकटाइट मात्र कधीच नको. लाकडात जाणाऱ्या स्क्रूला याचा उपयोग नाही आणि प्लास्टिकच्या पिकगार्डवर थेंब पडू देऊ नका, काही प्लास्टिकला तडे जातात. जॅकसाठी आतून दातेरी वॉशर घाला. आवळताना आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर सोल्डर केलेली वायर पिळवटून तुटेल.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, फक्त पट्ट्याच्या बटणाला टूथपिकवर विसंबू नका. तिथे सगळं वजन येतं. भोक स्वच्छ गोल करून कठीण लाकडाची दांडी चिकटवा आणि तिच्यात नवं भोक पाडा. बटणाखाली नमद्याचा वॉशर ठेवा.

आणि झणझण नेमकी कुठून येते ते आधी शोधा. ए तार वाजवत असताना एकेका सॅडलवर आणि मागच्या स्प्रिंगवर बोट दाबून बघा.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. बोट दाबून पाहिलं. ए सॅडलच्या दोन स्क्रूंपैकी एक ब्रिजच्या पत्र्याला टेकतच नव्हता, सॅडल एका पायावर उभं होतं. दोन्ही टेकवून सॅडल सपाट केल्यावर झणझण गेली. जांभळा लॉकटाइट मागवलाय. ट्यूनरच्या दोन भोकांत टूथपिक भरून ठेवल्यात, उद्या ड्रिल करेन. बटणाची दांडी एका ओळखीच्या सुताराकडून करून घेतोय.

आता नेक राहिली. प्लेटचे दोन स्क्रू लाकडात जातात, तिसरा बोल्ट नेकच्या आतल्या धातूच्या आट्यात बसतो. तोच थोडा झिजलाय. शेजारच्या छोट्या भोकातून अ‍ॅलन कीने नेकचा कोन बदलता येतो, तिथे मी हात लावलेला नाही. बोल्ट इंची आट्याचा असल्याने मिलिमीटरवाला जबरदस्तीने घालायचा नाही, एवढं ठरलंय. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नमुना दाखवून असा एखादा बोल्ट कोणी आणलाय का? की जुनाच ठेवून तारा सैल करून, नेक सरळ धरून आवळला तर पुरेल?